सोबतीला कोण आहे? वॉर्डातल्या वृद्ध रुग्णांजवळ बसणाऱ्या स्वयंसेवकांचे नेहमीचे प्रश्न

म्हातारं माणूस रुग्णालयात दाखल झालं की केस पेपर हातात घेता घेता सिस्टर विचारतात, "सोबतीला कोण आहे?" या प्रश्नाला उत्तर नसलेले रुग्ण प्रत्येक वॉर्डात असतात. पुण्यातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात आमचा छोटा गट मेडिसिन आणि ऑर्थोच्या वॉर्डात अशा आजी-आजोबांजवळ जाऊन बसतो. नवीन येणारे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नियम आमच्या गटाचे आहेत. तुमच्या रुग्णालयाचे वेगळे असतील तर ते पाळा.

तिथे जाऊन नेमकं करायचं काय?

बसायचं, बोलायचं आणि बरंचसं ऐकायचं. पेपर वाचून दाखवायचा, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवायचा, पाण्याची बाटली हात पोचेल अशी ठेवायची, पत्त्यांचा डाव मांडायचा, सिस्टरांना विचारून दोन घास भरवायचे. इंजेक्शन, सलाईन, औषधं, ड्रेसिंग यांना हात लावायचा नाही. सलाईन संपत आली असं दिसलं तर सिस्टरांना हाक मारायची, स्वतः चाक फिरवायचं नाही.

आपल्याकडे तर घरचे असतातच जवळ. मग आमची काय गरज?

सुरुवातीला मलाही हेच वाटलं होतं. आपल्या रुग्णालयांचं सगळं गणितच घरचं कुणीतरी थांबेल असं धरून बसवलेलं आहे, आणि बहुतेक घरांतून कुणी ना कुणी थांबतंही. पण त्या माणसाचा दिवस कसा जातो ते एकदा बघा. सकाळी रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोचवायचा, मग एक्स-रेच्या रांगेत नंबर लावायचा, बाहेरच्या दुकानातून औषध आणायचं, योजनेच्या कागदांसाठी आधार कार्डाची झेरॉक्स काढायची, आणि त्या खिडकीवरून या खिडकीवर जायचं. तो रुग्णालयात असतो, पण बेडजवळ फारसा नसतो. संध्याकाळी येऊन टेकतो तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण उरलेलं नसतं.

आणि पुष्कळदा सोबतीला असते ती सत्तरीतली बायको. तिला स्वतःला बीपी, गुडघे धरलेले, तीन रात्री बेडशेजारी सतरंजीवर काढलेल्या. तिला नुसतं म्हणा, "काकू, मी बसते इथे, तुम्ही आंघोळ करून, चार घास खाऊन या." आधी ती नाहीच म्हणते. दुसऱ्या दिवशी तुमची वाट बघते. त्या एका तासात तुम्ही दोघांना सोबत दिलेली असते.

काहींना मात्र खरंच कुणी नसतं. मुलगा परदेशात, मुलगी लांब आणि तिला रजा नाही. कुणाचं भावकीत वाकडं आलेलं. कुणाला पोलिसांनी फुटपाथवरून आणून दाखल केलेलं असतं आणि केस पेपरवर नाव म्हणून 'अनोळखी' लिहिलेलं असतं. अशा माणसाचं नाव त्याच्या तोंडून कळणं हीच पहिल्या आठवड्याची मोठी कमाई असते.

नुसत्या गप्पांनी आजारात काही फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शेरॉन इनूये यांनी १९९० च्या दशकात वृद्ध रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यातली बरीचशी कामं शिकवून तयार केलेले स्वयंसेवक करत. दिवस, वार, ठिकाण यांची आठवण करून देणं, गप्पा आणि शब्दांचे खेळ, चालवणं, चष्मा आणि कानाचं मशीन जागेवर आहे ना ते बघणं, पाणी पाजणं, रात्री गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठीवरून हात. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७० वर्षांवरचे ८५२ रुग्ण, निम्मे कार्यक्रमात आणि निम्मे नेहमीच्या उपचारांवर. नेहमीच्या उपचारांतल्या १५ टक्के लोकांना डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा भ्रम, झाला, कार्यक्रमातल्या ९.९ टक्के लोकांना.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एकदा डिलिरियम झाल्यानंतर या सगळ्याचा म्हणावा तितका उपयोग दिसला नाही. म्हणून 'रुग्ण अगदीच बिघडला तर बोलवू तुम्हाला' असं कुणी म्हटलं की मी आग्रहाने सांगते, दाखल झाल्याच्या दिवसापासून येऊ द्या.

डिलिरियम म्हणजे काय? म्हातारपणी माणूस विसरतोच की.

विसरभोळेपणा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. डिलिरियम काही तासांत, एखाद्या दिवसात येतो. काल नातवाचं नाव नीट सांगणारे आजोबा आज मुलाला ओळखत नाहीत, सलाईन उपटतात, भिंतीवर मुंग्या बघतात. सकाळी ठीक असतात, दिवेलागणीला बिघडतात. घरचे म्हणतात, "वात झालाय", "बरळायला लागलेत". वयावर ढकलून द्यायची ही गोष्ट नाही. मागे बहुतेकदा कारण असतं: लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, तुंबलेली लघवी, चार दिवस शौचाला न होणं, एखादं नवीन औषध, न आटोक्यात आलेलं दुखणं, सलग न मिळालेली झोप. कारण सापडलं तर बरंच काही सुधारतं.

याचा दुसरा प्रकार ओळखायला अवघड आहे, आणि तिथेच आपली खरी गरज आहे. त्यात माणूस गप्प पडतो. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, रोज पत्ते पिसता पिसता मला हरवणारे. एका दुपारी मी गेले तर डोळे अर्धवट मिटलेले, प्रश्न विचारला की बऱ्याच वेळाने "हं". शेजारच्या बेडवरचे म्हणाले, "आज शांत आहेत, झोपू द्या." मी पत्ते त्यांच्या हातात दिले, ते उलटे धरून तसेच बसून राहिले. सिस्टरांना जाऊन एवढंच सांगितलं, "काल हे असे नव्हते." डॉक्टर आले, पोट चाचपलं, लघवी तुंबली होती. नळी घातल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पत्ते मागितले.

डॉक्टर राउंडला येतात ते काही मिनिटांसाठी, सिस्टरांची पाळी बदलते. कालचा माणूस आणि आजचा माणूस शेजारी ठेवून बघणारं कुणीतरी लागतं. "काल हे असे नव्हते" हे वाक्य पाठ करून ठेवा. ते बोलायला संकोचू नका.

रुग्ण भलतंच बोलत असेल तर त्याला सुधारावं का?

वाद घालू नका आणि खोटंही रेटू नका. खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी संध्याकाळ झाली की उठून बसायच्या. "सोडा मला, गोठ्यात दिवा लावायचाय, म्हस पान्हावली असंल." पहिल्या दिवशी मावशी ओरडल्या, "आजी, हे हॉस्पिटल आहे, कुठली म्हस!" आजी आणखी बिथरल्या, हात बांधायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, कारण उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि विचारलं, "किती म्हशी आहेत तुमच्याकडे?" तीन. नावं सांगितली. कुठली मारकी, कुठली गरीब. बोलता बोलता मी म्हटलं, "सुनेनं धार काढली असेल आता. तुमचा पाय मोडलाय, म्हणून तुम्ही पुण्याला दवाखान्यात आहात. मी इथेच आहे." हे त्या दिवशी सहा-सात वेळा सांगावं लागलं. प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगतोय अशाच आवाजात.

मग त्यांच्या कापडी पिशवीत तळाशी, लुगड्याच्या घडीत, चष्मा सापडला. चार दिवस त्या त्याच्याशिवाय होत्या. समोरची हलणारी धूसर माणसं कोण, हे त्यांना कळावं तरी कसं? नवीन माणूस जवळ गेला की पहिली तपासणी ही: चष्मा, कवळी, कानाचं मशीन. आहे का, पुसलेलं आहे का, मशीनचा सेल चालतोय का.

वार-तारखेची आठवण कशी करून द्यायची? परीक्षा घेतल्यासारखं वाटतं.

परीक्षा घेऊच नका. "सांगा बरं आज कोणता वार?" असं विचारलं की माणूस ओशाळतो. आपणच बोलण्यातून सांगायचं: "आज गुरुवार ना, दत्ताच्या देवळात गर्दी होती." खिडकी दिसत असेल तर पडदा सरकवा, सकाळ आहे की संध्याकाळ हे डोळ्यांना कळू दे. आम्ही बेडजवळ ठळक आकड्यांचं कॅलेंडर ठेवतो, तिथी असलेलं. पुष्कळ आज्यांना तारीख सांगून काही उमगत नाही, पण "परवा एकादशी" म्हटलं की महिना, ऋतू, उपास सगळं जागेवर येतं. ज्यांचे सण वेगळे, त्यांच्याशी त्यांच्या सणावाराने बोला. रमजानचा कितवा रोजा आहे हे आमच्या वॉर्डातल्या एका चाचांना डॉक्टरांच्या आधी माहीत असायचं.

पहिल्या भेटीत काय बोलू? मला सुचतच नाही.

आधी सिस्टरांना विचारा, कुणाजवळ बसू. मग समोरून जा, मागून खांद्याला हात लावू नका. नाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा, आणि "बसू का?" असं विचारा. नाही म्हणाले तर उद्या या. रुग्णालयात त्या माणसाला न विचारता सुई टोचतात, कपडे बदलतात, बेड हलवतात. तुम्ही एकटेच असे असता ज्यांना तो नाही म्हणू शकतो. तेवढा हक्क त्याला राहू द्या.

स्टूल ओढून बसा, उभ्याने बोलू नका. आजाराबद्दल विचारू नका, ते दिवसभर सगळे विचारतात. "गाव कुठलं?" हा आपल्याकडचा न चुकणारा प्रश्न आहे. गावावरून नदी निघते, नदीवरून जत्रा, जत्रेवरून लग्न. कोकणातला माणूस असेल तर कलमांवर तासभर निघतो. गिरणीत काम केलेले असतील तर खातं कुठलं ते विचारा.

हाक काय मारायची?

त्यांनाच विचारा. गावाकडच्या आजीला "आजी" म्हटलं की बरं वाटतं, पण साठीतल्या निवृत्त शिक्षिकेला ते लागतं. त्यांना "बाई" हवं असतं, आयुष्यभर तेच ऐकलेलं. कुणी "काका", कुणी "भाऊ", कुणी "साहेब". "ए आजी, तोंड उघड" हे प्रेमानेसुद्धा नको. अहोजाहोच बरं. आणि "सात नंबर" म्हणून तर कुणाचाच उल्लेख करू नका.

कोणते खेळ, कोणते उपक्रम चालतात?

जे हात आणि जी जीभ आयुष्यभर करत आली, ते. पत्त्यांत मेंढीकोट, पाच-तीन-दोन, नजर कमी असेल तर मोठ्या आकड्यांचे पत्ते. भेंड्या, उखाणे, कोडी. उखाणा हा तर मला सगळ्यात गुणी प्रकार वाटतो: पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याचं नाव घेतलेला उखाणा अर्ध्यावर सोडलात की आजी तो स्वतः पुरा करतात, आणि पलीकडच्या बेडवरून दुसरा येतो. जात्यावरच्या ओव्या, हरिपाठ, जुनी गाणी हळू आवाजात. पेपरातलं राशिभविष्य, बाजारभाव, निधनवार्ता; हो, निधनवार्ताही, पुष्कळजण ती आवर्जून मागतात.

वाती वळणं हा आमच्याकडचा सगळ्यात चाललेला उपक्रम. कापूस घरून आणायचा, वॉर्डातला घ्यायचा नाही. एका आजींचा उजवा हात पक्षाघातानंतर नुकताच हलायला लागला होता. फिजिओथेरपीच्या बाई चेंडू दाबायला द्यायच्या, तो त्या बाजूला ठेवायच्या. कापूस दिला तेव्हा मात्र अंगठा आणि तर्जनी आपोआप जुळली. पहिली वात जाडी, सुटलेली. त्यांनी ती परत उलगडली आणि पुन्हा वळायला घेतली.

काहींना काहीच नको असतं. मग नुसतं बसा. विणकाम घेऊन जा, बसणं सोपं जातं.

जेवण भरवू का?

सिस्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि प्रत्येक वेळी विचारून. हे मी चूक करून शिकले आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका काकांनी पाणी मागितलं, ओठ सुकलेले होते, मी अर्धा पेला पाजला. त्यांचं ऑपरेशन होतं, त्यांना उपाशी ठेवलं होतं. ऑपरेशन पुढे गेलं आणि ते एवढ्या दुखण्यात आणखी एक दिवस पडून राहिले. कुणी मला फार बोललं नाही, पण त्यांच्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही.

परवानगी असेल तर रुग्णाला पाठ टेकवून ताठ बसवलेलं हवं, पूर्ण जागा हवा, कवळी लावलेली हवी. छोटा घास, गिळल्याची खात्री, मग पुढचा. झोपेत किंवा गुंगीत असलेल्याला कधीही भरवू नका. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. खोकला, ओला घरघरता आवाज किंवा गालात साठलेला घास दिसला तर थांबा आणि सिस्टरांना सांगा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नये. घाई करायची नाही. ताट तसंच परत जातं ते भूक नाही म्हणून असतं असं नाही. कित्येकदा डब्याचं झाकण उघडता येत नाही, भाकरी मोडता येत नाही, एवढंच असतं.

उठवून बसवू का, चालवू का?

एकट्याने अजिबात नाही. ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे त्यांनाच, आणि सिस्टर, मामा किंवा फिजिओथेरपिस्ट जवळ असताना. पण आठवण जरूर करून द्या, कारण पडून राहणं म्हाताऱ्या शरीराला फार महाग पडतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगल्या धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू झडले. हे आजारी नसलेल्यांचं. चालत आलेली आजी हाड जुळूनही घरी खुर्चीतून जाते, त्यात या पडून राहण्याचा मोठा वाटा असतो.

पायात घसरणार नाही अशी चप्पल आहे का, फरशी ओली नाही ना, वॉकर हाताशी आहे का, एवढं बघा. पडायला लागलेल्या माणसाला ओढून धरू नका, दोघंही पडता.

आमच्यामुळे किंवा आम्हाला संसर्ग होईल का?

सर्दी, ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल त्या दिवशी येऊ नका, कितीही कबूल केलेलं असलं तरी. एका बेडवरून दुसऱ्या बेडकडे जाताना हात धुवा: साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी ठेवा. बेडवर बसू नका. खोकल्याच्या रुग्णाजवळ मास्क, आणि ज्याच्या बेडवर वेगळी सूचना लावलेली आहे त्याच्याकडे विचारल्याशिवाय जायचं नाही. फ्लूची लस दरवर्षी आणि कावीळ-ब ची तीन डोसांची लस घेतलेली बरी. तुमच्या डॉक्टरांना विचारा. पत्ते प्लास्टिकचे वापरा, पुसता येतात.

फोटो काढून सोशल मीडियावर टाकले तर चालतील का?

नाही. गाऊनमधल्या, कवळी काढलेल्या आजींचा फोटो त्यांच्या शुद्धीत कुणी मागितला असता तर त्यांनी पदर सावरून नकारच दिला असता. वॉर्डात ऐकलेलं नाव, आजार, घरातलं भांडण हेही बाहेर बोलायचं नाही.

पैसे मागितले, निरोप द्यायला सांगितला, तर?

पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, दागिने सांभाळायला ठेवून घ्यायचे नाहीत. कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही नको. अडचण खरी असेल तर समाजसेवा अधीक्षकांना सांगा, त्यांच्याकडे मदतीचे मार्ग असतात. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण २०२४ पासून मिळालं आहे. पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं, विचारून बघा.

घरचे न्यायलाच येत नसतील तर?

डिस्चार्जचा कागद तयार आणि फोन बंद, असं होतं. अशा वेळी राग येतो, पण घरच्यांना आपण फोन लावून सुनवायचं नाही. कधीकधी त्या बंद फोनमागे कर्ज असतं, एका खोलीत सहा माणसं असतात. समाजसेवा अधीक्षकांना कळवा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन मोफत लागतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, आणि सांभाळायची जबाबदारी असलेल्याने त्यांना वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पण तक्रार करायची की नाही हे आजींनी ठरवायचं. बहुतेक आज्या म्हणतात, "माझ्या पोराला काही करू नका." ते ऐकून घ्यायचं, आणि वृद्धाश्रमाची चौकशी सुरू करायची.

ज्यांच्याजवळ रोज बसले ते गेले तर?

जातात. एके दिवशी तुम्ही पेपर घेऊन येता आणि बेडवर नवीन चादर असते. त्या दिवशी लगेच पुढच्या बेडकडे वळू नका. बाहेर जाऊन बसा, गटातल्या कुणाला तरी फोन करा. रडू आलं तर येऊ द्या. आमच्यात दोघांनी अशा वेळी थांबायचं ठरवलं, त्यांना कुणी अडवलं नाही. एकजण आठ महिन्यांनी परत आली.

शेवटच्या घटकेला जवळ असाल तर हात धरा आणि बोलत राहा. ऐकू जात असेल असं धरूनच बोलायचं.

किती वेळ द्यावा लागतो? वयाची अट?

आमच्याकडे आठवड्यातून दोन तास, ठरलेल्या वारी, निदान सहा महिने. वारापेक्षा नेम मोठा. "मंगळवारी येते" म्हणून न येणं हे कधीच न येण्याहून वाईट, कारण समोरचा मंगळवारची वाट बघत सोमवार काढतो. वय १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. आमचे सगळ्यात टिकलेले स्वयंसेवक निवृत्त लोक आहेत. अहिराणी, मालवणी, कन्नड, तेलुगू, उर्दू यातलं काही येत असेल तर जरूर सांगा. तापात माणूस आईच्या भाषेत जातो, आणि तेव्हा ती कळणारं कुणी जवळ असलं की त्याची अर्धी भीती जाते.

सुरुवात कुठून करू?

जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात जा, समाजसेवा विभाग विचारा, मेट्रनना भेटा. परस्पर वॉर्डात शिरू नका. ओळखपत्र, फोटो आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन-तीन माणसांची नावं मागतील, ते योग्यच आहे. पहिले दोन-तीन आठवडे जुन्या स्वयंसेवकाबरोबर नुसतं फिरावं लागेल.

पहिल्या दिवशी काय आणू?

भरलेलं पोट, कापलेली नखं, मऊ फडकं चष्मे पुसायला, आजचा पेपर. फळं आणि खाऊ नको, कुणाला साखर असते, कुणाला पथ्य. वासाचं अत्तर नको. एक छोटी वही ठेवा: निघताना त्यात गावाचं नाव, नातवाचं नाव, कुठल्या कानाने ऐकू येतं, चहात साखर किती, एवढं लिहा. पुढच्या वेळी गेल्यावर "तुमच्या नातवाची परीक्षा झाली का?" असं विचाराल, तेव्हा समोरचा चेहरा बघा.